मार्फत राउटर

साताऱ्याला मावशीच्या दारावर कॅमेरे बसवून आता दोन वर्षं होतील. मावशी एकटी राहते. पुण्यात बसून मला तिचं दार दिसावं, एवढीच अपेक्षा होती. कॅमेरे बसवणारा मुलगा कामाला चोख. त्याने डीव्हीआर जोडला, राउटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्ड केले, घरातल्या वायफायवर चित्र दाखवलं आणि म्हणाला, "सर, पोर्ट ओपन केलेत. आता कुठूनही दिसेल." पुण्याला परतलो तर काहीच दिसेना. राउटरमधली नोंद बरोबर, पोर्टचा आकडा बरोबर, पासवर्डही बरोबर. पुढच्या खेपेला मी राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता बघितला. तो १००.७१ ने सुरू होत होता. त्याच मिनिटाला मोबाईलवरून, त्याच वायफायवर, 'माझा आयपी कोणता' असं विचारलं तर उत्तरात १०३ ने सुरू होणारा भलताच पत्ता आला.

दोन पत्ते वेगळे निघाले तिथेच उलगडा झाला. मावशीच्या राउटरने पत्ता एकदा बदलला होता आणि कनेक्शन देणाऱ्या कंपनीने तो वाटेत पुन्हा बदलला होता. त्या मुलाने घराचं दार उघडलं होतं, पण गल्लीच्या तोंडाशी आणखी एक फाटक होतं आणि त्याची किल्ली घरात नव्हतीच.

घरच्या राउटरवर नॅट, म्हणजे हा पत्ताबदल, कसं लावावं, या प्रश्नाची उत्तरं बहुतेक ठिकाणी याच क्रमाने मिळतात: अमुक मेनूत जा, तमुक खूण करा, सेव्ह करा. त्या उत्तरांत चूक नसते. पण आज भारतातल्या बऱ्याच घरांत ती लागूच पडत नाहीत. पत्ता नेमका कोण बदलतंय, किती ठिकाणी बदलतंय आणि त्यातलं आपल्या हातात किती, हे आधी पाहिल्याशिवाय सेटिंगला हात घालू नये, असं माझं मत आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

आयपीचा आजही चालू असलेला चौथा अवतार सप्टेंबर १९८१ मध्ये कागदावर आला. त्यात पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे सारे मिळून ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास पत्ते. विद्यापीठं आणि लष्करी प्रयोगशाळा एवढंच तेव्हाचं जग होतं, त्यामुळे पत्त्यांची खैरात झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेला १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्त्यांचा अख्खा गठ्ठा मिळाला होता. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. तोपर्यंत पत्ते पुरणार नाहीत हे तिकडे कळून चुकलं होतं. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या मसुद्यात नॅटची कल्पना मांडली. आतल्या जाळ्यात कोणतेही पत्ते वापरा, बाहेर पडताना दारावर ते बदला. हा थोड्या दिवसांचा उपाय आहे, कायमचा तोडगा निघेपर्यंत वेळ काढण्यासाठी आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. कायमचा तोडगा म्हणजे १२८ बिटांचे पत्ते असलेला आयपीव्ही६ पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये मांडला गेला. पण तो रुळण्याआधीच तात्पुरत्या उपायाने घरात पाय पसरले.

फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कुणाचेच नाहीत आणि म्हणून सगळ्यांचे आहेत. तुमच्या घरातला १९२.१६८.१.१ आणि शेजारच्या घरातला १९२.१६८.१.१ यांची कधी गाठ पडत नाही, म्हणून भांडणही होत नाही. या कल्पनेला विरोध झाला नाही असं नाही. जुलै १९९४ मध्येच आरएफसी १६२७ ने धोक्याचा इशारा दिला होता. प्रत्येक यंत्राचा पत्ता जगभरात एकमेव असावा हे इंटरनेटचं मूळ वचन आहे, ते मोडलं तर पुढे निस्तरणं अवघड जाईल, असा त्याचा रोख होता. आज तो कागद वाचताना मला तो इशारा अक्षरशः खरा ठरलेला दिसतो.

आपल्याकडे हे समजायला एक जुना शब्द तयार आहे. गिरणगावात एका गाळ्यात वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. गावाहून येणाऱ्या पोस्टकार्डावर माणसाच्या नावाखाली 'मार्फत' लिहून कुणा दुकानदाराचं किंवा खानावळीचं नाव असायचं. पोस्टाला ठाऊक फक्त खानावळ. कार्ड नेमकं कुणाच्या हातात द्यायचं हे खानावळवालीला ठाऊक. नॅट म्हणजे हे मार्फत. फरक एवढाच, की राउटरला माणसं आठवत नाहीत, त्याला नोंद लागते, आणि आतून कुणी आधी पत्र पाठवलं असेल तरच ती नोंद होते.

ती नोंद जवळून बघण्यासारखी आहे. समजा, घरातल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.७ आहे. तुम्ही बँकेचं पान उघडलं. फोनने स्वतःचा एक पोर्ट घेतला, समजा ५१३४४, आणि बँकेच्या सर्व्हरच्या ४४३ या पोर्टकडे पाकीट धाडलं. राउटरने पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता घातला, पोर्टही गरजेप्रमाणे बदलून समजा ४००१२ केला आणि वहीत ओळ लिहिली: ४००१२ वर काही आलं तर ते १९२.१६८.१.७ च्या ५१३४४ ला द्यायचं. उत्तर आलं, ओळ सापडली, पत्ता उलटा बदलला, पाकीट फोनकडे गेलं. राउटरचं हे काम सेकंदाचा हजारावा भागही न घेता होतं. त्याच वेळी घरातला टीव्ही, लॅपटॉप, दुसरे दोन फोन यांच्याही शेकडो ओळी त्याच वहीत चालू असतात. पोर्टचे आकडे ६५,५३५ पर्यंत जातात, म्हणून एका पत्त्यामागे अख्खं घर सहज मावतं.

वहीतली ओळ कायम राहत नाही, आणि घरच्या नेटच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये मूळ सेटिंगनुसार टीसीपीची सुरळीत जोडणी पाच दिवस लक्षात राहते. यूडीपीचं पाकीट नुसतंच बाहेर गेलं, उत्तर आलं नाही, तर ओळ ३० सेकंदांत पुसली जाते. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने यूडीपीची नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं सांगितलं, पण सगळ्या यंत्रांनी ते मानलेलं नाही. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये नॅटमागे असाल तर दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहा, असा सल्ला दिलेला असतो. पंचविसाचा आकडा या ३० सेकंदांच्या आत बसतो. ओळ पुसली जाण्याच्या आत पुन्हा एकदा दार वाजवायचं.

आमच्या पिढीने नॅट पहिल्यांदा पाहिलं ते सायबर कॅफेत, नाव माहीत नसताना. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका कॉम्प्युटरचं कनेक्शन बाकीच्यांना वाटून देण्याची सोय आली. तो वाटणारा कॉम्प्युटर स्वतः १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यायचा. काउंटरवरचं मशीन बंद पडलं की अख्ख्या कॅफेत आरडाओरडा व्हायचा. पुढे हे काम छोट्या डब्यात गेलं. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होतं. परवान्याच्या अटीमुळे त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. घरच्या राउटरची वही उघडून वाचता येते, हवी तशी बदलता येते, हे सामान्य माणसाला त्यामुळे कळलं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष सेटिंगकडे. सगळ्यात आधी वॅनचा पत्ता बघायचा आणि बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून घ्यायचा. दोन्ही एक असतील तर तुम्ही भाग्यवान, तुमचा राउटर खरोखर रस्त्यावर उभा आहे. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा तुमच्याच घरात दोन राउटर एकामागे एक आहेत: फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला ओएनटी आणि तुम्ही हौसेने आणलेला महागडा राउटर. दोघेही पत्ते बदलतात, दोघांच्याही वह्या वेगळ्या. याला डबल नॅट म्हणतात. नेट बघायला त्याने फरक पडत नाही, पण बाहेरून आत यायचं तर दोन्ही ठिकाणी नोंद करावी लागते. उपाय दोन. ओएनटी ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरायचं. त्यासाठी कंपनीकडून पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा मागून घ्यावा लागतो. किंवा नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्ते बदलणार नाही. दुसरा उपाय सोपा आहे आणि बहुतेक घरांना पुरतो.

आतला पट्टा निवडताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. कारखान्यातून येणारे बहुतेक राउटर १९२.१६८.०, १९२.१६८.१ अशा ठरावीक पट्ट्यांवर असतात. ऑफिसच्या व्हीपीएनने घरून काम करणाऱ्याच्या ऑफिसातही तोच पट्टा असला, तर लॅपटॉपला १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला प्रिंटर की ऑफिसातला सर्व्हर हे कळत नाही. नवं घर जोडताना मी पट्टा थोडा आडवळणाचा घेतो, १९२.१६८.८३ असा काहीतरी. नंतर बदलायचं म्हटलं की प्रत्येक कॅमेरा आणि प्रिंटर शोधत फिरावं लागतं.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वहीत आधीच लिहून ठेवलेली कायमची ओळ: बाहेरून अमुक पोर्टवर कुणीही आलं तरी अमक्या यंत्राकडे पाठवा. ते यंत्र उद्या दुसरा पत्ता घेऊन बसलं तर ओळ फुकट जाते. म्हणून आधी डीएचसीपीच्या पानावर त्या यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसला पत्ता बांधून द्यायचा, मग ओळ लिहायची. तपासताना घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून पाहू नये. पाकीट दारापर्यंत जाऊन पुन्हा आत वळावं लागतं, त्याला हेअरपिन म्हणतात, आणि ते सगळ्या राउटरना जमत नाही. वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून बघा. मेनूत डीएमझी नावाची एक खूण असते. न लिहिलेल्या सगळ्या पोर्टांवरचं सगळं एका यंत्राकडे सोडणारी ती सेटिंग आहे. कॅमेरावाले कंटाळून ती लावून जातात. ती काढून टाका. एसआयपी एएलजी ही खूणही इंटरनेटवरून फोन वापरणाऱ्यांना त्रास देते. राउटर मदतीच्या नावाखाली पाकिटाच्या आतला मजकूर बदलायला जातो आणि एका बाजूचा आवाज गायब होतो.

यूपीएनपीबद्दल मात्र मत ठाम असावं, निदान माझं आहे. घरातलं एखादं यंत्र राउटरला सांगतं, माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड, आणि राउटर न विचारता उघडतो. पासवर्ड नाही, मालकाची परवानगी नाही. गेम खेळणाऱ्या पोरांना ते हवं असतं, कारण त्याशिवाय कन्सोलवर नॅट स्ट्रिक्ट असल्याचा इशारा येतो आणि मित्रांचा आवाज ऐकू येत नाही. पण त्याच दारातून स्वस्तातला कॅमेरा स्वतःला जगापुढे उघडा करतो. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की जगभरात ८ कोटींहून जास्त पत्ते बाहेरून विचारलेल्या यूपीएनपीच्या चौकशीला उत्तर देतात. ही सोय फक्त घराच्या आत ऐकली जायला हवी होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराय या व्हायरसने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन डाइन या कंपनीवर हल्ला केला, आणि अमेरिकेत एक दिवस मोठमोठ्या साइट्स उघडेनात. त्याच्याकडे युजरनेम-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, बाकी काही हुशारी नव्हती. ज्या डीव्हीआरचा पासवर्ड आपण बदललेला नाही, त्याला पोर्ट उघडून देणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून गावाला जाणं.

इथे जुना वाद येतो: नॅट ही सुरक्षा आहे का? न मागवलेलं पाकीट आत येत नाही, त्यामुळे लोकांना तसं वाटतं आणि त्यात तथ्यही आहे. वीस वर्षं आपल्या घरातले कच्चे, कधीच अपडेट न होणारे डबे याच आडोशाने वाचले. पण आडोसा देतो तो पत्ताबदल नव्हे. कोणती जोडणी आतून सुरू झाली याची वही देते, आणि तेवढी वही फायरवॉल पत्ते न बदलताही ठेवू शकतो. मे २००७ च्या आरएफसी ४८६४ ने हे मुद्देसूद मांडलं आहे. फसव्या लिंकवर बोट पडलं तर जोडणी आतूनच सुरू होते, तिथे नॅट काहीच करत नाही.

परत त्या १००.७१ कडे येतो. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ चे शेवटचे गठ्ठे वाटले गेले. आशिया-पॅसिफिकचं वाटप करणाऱ्या एपीनिकच्या वाट्याला आलेला शेवटचा गठ्ठा १०३ ने सुरू होणारा. एप्रिल २०११ पासून त्यातून प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम झाला. आपल्या तालुक्यातला केबलवाला इंटरनेटच्या धंद्यात उतरला तो यानंतर. त्याचे ग्राहक हजारोंनी आणि पदरी पत्ते एवढेच. विकत घ्यावेत तर बाजारभाव आहे. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने दिवाळं निघालेल्या नॉर्टेलचे साडेसहा लाखांहून जास्त पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. मग केबलवाल्याने तेच केलं जे गिरणगावातल्या गाळ्याने केलं. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने अशा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी १००.६४ ते १००.१२७ हा ४१ लाख ९४ हजार पत्त्यांचा पट्टा राखून दिला. ग्राहकाला त्यातला पत्ता द्यायचा आणि कंपनीच्या मोठ्या यंत्रावर सगळ्यांचे पत्ते पुन्हा बदलायचे. याचं नाव कॅरिअर ग्रेड नॅट, सीजी-नॅट. एका पत्त्यामागे ६४ घरं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला हजारेक पोर्ट येतात.

याची किंमत कुणी मोजली हे बघा. ग्राहकाला बाहेरून आत येणारी कुठलीच गोष्ट घरात ठेवता येत नाही. स्वतःच्या फोटोंचा सर्व्हर नाही, मावशीचा डीव्हीआर नाही. गुन्ह्याच्या तपासात एका पत्त्यामागे शेकडो माणसं निघतात. म्हणून सर्व्हरने पत्ता आणि वेळ यांबरोबर पोर्टही नोंदवावा, असं जून २०११ च्या आरएफसी ६३०२ ला सांगावं लागलं, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोलने सीजी-नॅटचा वापर थांबवा अशी उघड मागणी केली. मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. ज्या देशांना पत्ते आधी मिळाले तिथल्या घरांना रस्त्यावर दार आहे. आपण उशिरा आलो म्हणून आपल्याला फक्त बघ्याची जागा मिळाली. आपली घरं इंटरनेटवर मागू शकतात, देऊ शकत नाहीत.

सीजी-नॅटमागे असाल तर मार्ग मोजकेच आहेत. कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घेता येतो, बऱ्याच कंपन्या वर्षाला वेगळे पैसे घेऊन देतात, आणि छोट्या दुकानाला ते परवडतं. कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा वापरता येते. त्यात घरातला डबा स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतो आणि तुमचा फोनही तिथेच येतो. सोय मोठी, पण तुमच्या दारासमोरचं चित्र तिसऱ्याच्या अंगणातून जातं. व्हिडिओ कॉल यासाठी स्टन नावाची युक्ती वापरतात. दोघांनी बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं, माझा पत्ता आणि पोर्ट तुला कसा दिसतो, आणि मग एकमेकांकडे एकाच वेळी पाकीट सोडायचं, म्हणजे दोन्ही वह्यांत ओळ तयार होते. प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट घेणाऱ्या, म्हणजे सिमेट्रिक नॅटपुढे मात्र ही युक्ती फसते. मग सगळं बोलणं मधल्या सर्व्हरवरून वळवावं लागतं. कॉल घुटमळण्यामागे कधी कधी हेच कारण असतं.

खरा मार्ग आयपीव्ही६ आहे, आणि याबाबतीत भारत मागे नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आराखडा काढला. २०१६ मध्ये जिओने मोबाईलवर आयपीव्ही६ सरसकट दिलं आणि चित्र पालटलं. गूगलच्या मोजणीत आज भारतातले निम्म्याहून जास्त वापरणारे त्यावर आहेत. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती वायरची जोडणी आयपीव्ही६ चालवू शकेल अशी हवी, असा विभागाचा आदेश आहे. तुमच्या राउटरमध्ये ती खूण बहुधा आहे, बंद असेल इतकंच. चालू करताना एक बघा: आता प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळणार, म्हणून आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे ना, आणि बाहेरून येणाऱ्याला तो अडवतो ना.

मावशीच्या कनेक्शनवर फोन करून मागितल्यावर तिसऱ्या दिवशी आयपीव्ही६ आलं. पत्ता २४० ने सुरू होणारा, लांबलचक. घरात राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय ठेवला, त्यावर वायरगार्ड चढवलं आणि फायरवॉलमध्ये ५१८२० या एका यूडीपी पोर्टाचीच ओळ लिहिली. पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएसवर एक नाव घेतलं. जुने फॉरवर्ड केलेले पोर्ट सगळे पुसले, यूपीएनपी बंद केलं, डीव्हीआरचा पासवर्ड बदलून मावशीच्या डायरीत दुधाच्या हिशेबामागे लिहून ठेवला. आता माझा फोन मोबाईल डेटावरून, मधे कुणीही पत्ता न बदलता, थेट त्या पायपर्यंत जातो. फक्त तिथून डीव्हीआरपर्यंतच्या चार फुटांसाठी पायवर नॅटची एक ओळ ठेवावी लागली आहे, कारण कंपनीच्या राउटरमध्ये स्वतःचा रूट घालायला जागाच दिलेली नाही. काल संध्याकाळी दार दिसलं. मावशी बाहेर खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती.